ऐकायचा आहे की बघायचा?

आज रात्री एक प्रयोग करून बघा. झोपायच्या आधी घरातले सगळे दिवे बंद करा, हॉलच्या मधोमध उभे राहा आणि उरलेले दिवे मोजा. राउटरचे चार, टीव्हीचा एक, सेट-टॉप बॉक्सचा एक, एसीच्या स्टॅबिलायझरचा एक, एक्स्टेन्शन बोर्डचा एक, लॅपटॉपच्या चार्जरचा एक, इन्व्हर्टरचा एक आणि इलेक्ट्रिक टूथब्रशच्या स्टँडचा एक. माझ्या भाड्याच्या वन बीएचकेत ११ निघाले. अकरा!

यातल्या एकाच्याही उजेडात पेपर वाचता येत नाही. ते त्यासाठी नसतातच. त्यांचं काम एकच, 'मी चालू आहे' एवढं सांगायचं. आपल्या ऑफिसात नाही का काही मंडळी दिवसभर चॅटवर हिरवा ठिपका लावून बसतात आणि प्रत्यक्षात खाली टपरीवर कटिंग मारत असतात? तसंच. ठिपका हिरवा आहे म्हणजे माणूस लॉग-इन आहे. तो जागेवर आहे की नाही, हा वेगळा प्रश्न.

डोंबिवलीला आई-बाबांच्या घरात मात्र एक वस्तू अशी होती, जी तीस वर्षं एकही दिवा न लावता गुपचूप काम करत होती. बाबांनी १९९४ साली स्वतःच्या हातांनी बनवलेला अँप्लिफायर.

दिसायला अगदी साधा. मिठाईचे दोन खोके एकमेकांवर ठेवले तर होईल एवढा अ‍ॅल्युमिनियमचा डबा, दोन्ही बाजूंना पॉलिश केलेल्या लाकडी पट्ट्या, पुढे दोन नॉब आणि एक खटका. मागे काळ्या पात्यांचा हीटसिंक. आत १२-०-१२चा ट्रान्सफॉर्मर, जाडजूड कपॅसिटर आणि टीडीए २०३० नावाच्या दोन आयसी, डाव्या स्पीकरला एक, उजव्याला एक. ही आयसी म्हणजे पाच पायांचा, अंगठ्याच्या नखाएवढा काळा किडा. चार ओहमच्या स्पीकरवर जेमतेम १४ वॅट देतो. आजच्या पार्टी स्पीकरच्या खोक्यावर हजार वॅट छापलेले असतात, त्यापुढे १४ म्हणजे चेष्टाच. पण आमच्या हॉलमध्ये या १४ वॅटमध्ये नॉब अर्ध्यावर नेला की शेजारच्या काकू बेल वाजवायच्या, हा स्वानुभव आहे.

त्या डब्याला दिवा का नव्हता? कारण बाबांना दिवे आवडायचे नाहीत. नव्वदच्या दशकात गल्लोगल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत गाण्याच्या तालावर नाचणाऱ्या लाल-हिरव्या दिव्यांची रांग मिळायची. मित्रांनी आग्रह केला, "अरे, लाव की! शोभा येईल." बाबांचं उत्तर ठरलेलं : "अँप ऐकायचा आहे की बघायचा?"

खरं तर आधीच्या पिढीच्या यंत्रांना दिव्याची गरजच नव्हती. व्हॉल्व्हचा रेडिओ सुरू केला की आतल्या काचेच्या नळ्या तांबूस उजळायच्या. आवाज यायला अर्धा मिनिट लागायचा, पण तोवर डायल पिवळी झालेली असायची, म्हणजे पेशंट शुद्धीवर येतोय हे कळायचं. काही रेडिओंना तर 'मॅजिक आय' असायचा, स्टेशन नीट लागलं की मिटत जाणारा हिरवा डोळा. आरसीए कंपनीने १९३५ साली तो बाजारात आणला आणि पुढे आपल्याकडच्या घराघरांतल्या रेडिओंवरही तो आला. मग ट्रान्झिस्टर आले. लहान, स्वस्त, गार. आणि पूर्ण अंधारे! यंत्र चालू आहे की बंद, हे बघून कळेना. मग जो उजेड आधी फुकट मिळत होता, तो वेगळा जोडायची वेळ आली. योगायोग बघा, त्याच सुमारास, १९६२ साली, निक होलोनयाक नावाच्या जनरल इलेक्ट्रिकमधल्या शास्त्रज्ञाने डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी बनवला. पुढची काही दशकं जगातलं प्रत्येक यंत्र 'मी आहे' हे लाल रंगातच सांगत राहिलं.

बाबांचा अँप मात्र याला अपवाद. तो चालू आहे हे त्यांना दिव्याशिवाय कळायचं. ट्रान्सफॉर्मरची बारीक गुणगुण असते. आपल्या विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, त्यामुळे ही गुणगुण १०० हर्ट्झची, खर्जातली. आणि ट्वीटरजवळ कान नेला की अगदी बारीक 'स्स्स' ऐकू येतं, रिकाम्या अँपचा श्वासच म्हणा ना. लहानपणी झोपायच्या आधी बाबा हॉलमधून एक चक्कर मारायचे. गॅस, कडी, नळ आणि मग कानोसा. 'स्स्स' ऐकू आलं तर खटका खाली.

मागच्या एप्रिलमध्ये आईचा फोन आला. तिच्या फोनची एक पद्धत आहे. आधी भाजीचे भाव, मग शेजारच्यांचं रिडेव्हलपमेंट, आणि मूळ मुद्दा फोन ठेवता ठेवता. "अगं, तुझ्या बाबांचा तो डबा हल्ली रात्रभर चालूच राहतो. या आठवड्यात तिसऱ्यांदा. सकाळी वरचं झाकण उचलायला गेले तर तवा झालेला!"

'वरचं झाकण' म्हणजे आईने स्वतः विणलेलं क्रोशाचं पांघरूण. आमच्या घरात टीव्ही, मिक्सर, फोन, सगळ्यांना ते असायचं. आता फक्त अँपला उरलंय. विजेच्या बिलाचा प्रश्न नव्हता, गाणं न वाजवता नुसता चालू राहिला तर हा अँप फार तर पाच-सहा वॅट खातो. पण उन्हाळ्याची रात्र, बंद हॉल, हीटसिंकवर सुती विणकाम आणि खाली तीस वर्षं जुनं वायरिंग... हे कॉम्बिनेशन काही झक्कास नव्हे.

वीकेंडला घरी गेले. रात्री बाबांची चक्कर सुरू झाली. गॅस, कडी, नळ. आणि मग बाबा अँपपाशी आले, पण वाकले नाहीत. कान नेलाच नाही. मागे हात घालून त्यांनी तळवा हीटसिंकवर ठेवला, जसा तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात. गार लागला असावा, कारण अँप नुकताच सुरू केला होता. हात काढला आणि ते झोपायला गेले.

अँप चालू होता. मला सोफ्यावर बसून ट्वीटरचं 'स्स्स' स्पष्ट ऐकू येत होतं.

मी उठून खटका खाली केला. मग बराच वेळ तिथेच बसून राहिले. मागच्या काही महिन्यांतल्या बारीकसारीक गोष्टी एकेक करून आठवायला लागल्या. टीव्हीचा आवाज. फोनवर 'हो, हो' म्हणून लगेच आईकडे फोन देणं. भाजीवाल्याने साठ म्हटलं आणि बाबांनी दहाची नोट पुढे करून दोन रुपये परत मागितले, हा किस्सा तर आईने हसत हसत सांगितला होता. साठ आणि आठ. दोन्हींत फरक काय? एका 'स'चा!

आता इथे थेट बोलायचं धाडस कुणाचं? आमच्याकडे बाबांना 'तुम्हाला कमी ऐकू येतंय' असं म्हणणं म्हणजे सचिनला 'तुला बॅट धरता येत नाही' म्हणण्यासारखं. हा माणूस आयुष्यभर कारखान्यात मेंटेनन्सला होता. मशीनचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा. तेव्हा सकाळी चहाच्या वेळी मी एवढंच म्हटलं, "बाबा, अँपला एक इंडिकेटर लावूया का? छोटासा. आई रात्री विसरते बंद करायला."

आईने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं नाही.

"ऐकायचा आहे की बघायचा?" बाबा म्हणाले. पण सवयीने. दम नव्हता त्यात. मग बशीत चहा ओतत म्हणाले, "लाव. पण तू लाव. मी सांगेन."

पुढच्या शनिवारी मी लॅमिंग्टन रोडला. मुंबईकरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी : ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं आणि पूर्वेला चालत सुटायचं. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं हे नाव. कागदोपत्री रस्ता कधीच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालाय, पण टॅक्सीवाल्यापासून इंजिनीअरिंगच्या पोरांपर्यंत कुणी तसं म्हणत नाही. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानांची शटरं खाली असतात. पुण्याच्या मंडळींची सोय तापकीर गल्लीत आहेच.

मला हवं होतं काय? एक एलईडी, एक रेझिस्टर, एक होल्डर, हातभर वायर. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, मागे कुणी भाऊ किंवा बॉयफ्रेंड आहे का तेही बघितलं, आणि म्हणाला, "मॅडम, ब्लू ले जाओ. सब ब्लू ही लेते हैं."

निळ्या एलईडीबद्दल माझं मत वाईट आहे, ते इथे मांडूनच टाकते. त्याच्या शोधाबद्दल नव्हे, शोध कमालीचाच आहे. लाल १९६२ला आला, मागोमाग पिवळा, हिरवा. पण चांगला प्रखर निळा बनवायला थेट १९९०चं दशक उजाडलं. इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना त्यासाठी २०१४ साली फिजिक्सचं नोबेल मिळालं. निळा आला म्हणून पांढरा आला आणि पांढरा आला म्हणून आपल्या घरातल्या ट्यूबलाइट गेल्या. सगळं मान्य. पण म्हणून प्रत्येक चार्जरवर, प्रत्येक स्पीकरवर तो लावायचा? अंधारात आपल्या डोळ्यांना लालपेक्षा निळा-हिरवा प्रकाश कितीतरी जास्त जाणवतो. त्यात निळ्या उजेडाने झोपेचं हॉर्मोनही बिचकतं. म्हणजे बंद खोलीत रात्री तो दिवा नसतो, टॉर्च मारणारा वॉचमन असतो.

"डिफ्यूज लाल द्या," मी म्हटलं. "५ मिलिमीटर." डिफ्यूज म्हणजे दुधी काचेसारखं डोकं असलेला, कुठूनही बघितलं तरी सारखा दिसणारा. पारदर्शक डोक्याचे असतात ते समोरून डोळ्यांत घुसतात आणि बाजूने दिसतच नाहीत. हिरवाही एक घेतला. दुकानदाराने पाच-पाचच्या दोन पुड्या बांधून दिल्या, एकेक विकायला त्याला लाज वाटली असणार.

आता थोडं गणित. घाबरू नका, ईएमआयपेक्षा सोपं आहे.

एलईडी थेट सप्लायला जोडायचा नसतो. हा दिवा असला तरी जातीने डायोड. लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट पुरतात. त्याच्या वर जरा गेलं की करंट एकदम उसळतो आणि टप्! क्षणात खेळ खलास. म्हणून त्याच्या आधी रेझिस्टर बसवायचा. १२-०-१२चा ट्रान्सफॉर्मर, पुढे ब्रिज आणि कपॅसिटर, म्हणजे अँपला मधल्या ग्राउंडपासून एकीकडे प्लस १६ आणि दुसरीकडे मायनस १६ व्होल्टच्या आसपास मिळतात. मी प्लस बाजू धरली. १६तून २ गेले, उरले १४. आजकालच्या एलईडीला ३ मिलिअँपिअर भरपूर होतात. १४ला ०.००३ने भागा, ४,६६७ ओहम. बाजारात मिळणारा जवळचा रेझिस्टर ४.७ किलो-ओहमचा. पिवळा, जांभळा, लाल पट्टे. पाव वॅटचा चालतो, कारण त्यात उष्णता होते जेमतेम ०.०४ वॅट.

रविवारी हा कागद मी बाबांपुढे ठेवला. चष्मा वर सरकवून त्यांनी तो वाचला. "बरोबर आहे," म्हणाले. मग पेन घेतलं. "पण मायनसचं काय?"

त्यांचा मुद्दा असा. अँपच्या बोर्डाआधी दोन काचेचे फ्यूज आहेत, प्लसला एक, मायनसला एक. एलईडी नुसता प्लसवर लावला तर मायनसचा फ्यूज उडाला तरी दिवा मजेत जळत राहील. अँप अर्धा मेलेला आणि दिवा म्हणतोय ऑल इज वेल! फ्यूजच्या आधी लावला तर आणखीच विनोदी, दोन्ही फ्यूज उडाले तरी दिवा चालू. तेव्हा दोन्ही फ्यूजच्या पुढे जायचं आणि एलईडी प्लस आणि मायनसच्या मध्ये टांगायचा. कुठलाही एक गेला की दिवा विझेल, निदान मंदावेल तरी. आता ३२ व्होल्ट, वजा २, उरले ३०, म्हणून १० किलो-ओहम. त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं : तपकिरी, काळा, नारिंगी.

"दिवा जिथे लावशील तिथलंच सांगेल," बाबा म्हणाले. "पुढचं त्याला काय माहीत?"

माझं गणित बरोबर होतं, त्यांचं जास्त बरोबर होतं. या माणसाचे कान कसेही असोत, डोकं अजून टकाटक आहे, हे बघून मला जाम बरं वाटलं.

रंगावरून मात्र वाजलं. मी हिरवा पुढे केला. हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद, एवढं शेंबडं पोरही सांगेल. टीव्ही बंद असला की लालच असतो ना? बाबा हसले. कारखान्याच्या पॅनेलवर उलटं असतं म्हणाले. लाल दिवा म्हणजे सप्लाय चालू, आत वीज आहे, हात लावू नकोस. हिरवा म्हणजे बंद, खुशाल उघड. "तुमचा लाल म्हणजे आराम. आमचा लाल म्हणजे सावधान." तीस वर्षं पॅनेलपुढे काढलेल्या माणसाला रात्री अर्धवट झोपेत हिरवा दिवा दिसला असता तर तो 'बंद आहे' असं समजून निवांत झोपला असता. लाल ठरला.

काम तसं तासाभराचं. आधी प्लग काढला. खटका बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा, कारण खटक्यापर्यंत २३० व्होल्ट येऊन बसलेले असतात. मग थोडं थांबायचं आणि मीटर लावून कपॅसिटर रिकामे झालेत की नाहीत ते बघायचं. पुढच्या पट्टीला भोक पाडताना बोर्डावर ओला फडका पसरला, वर चिकटपट्टी मारली. अ‍ॅल्युमिनियमचा एक कीस आयसीच्या दोन पायांत जाऊन बसला तर दिवा लावायच्या नादात अँप जायचा. आधी बारीक ड्रिल, मग होल्डरच्या मापाचं. एलईडीचा लांब पाय प्लसकडे. पाय कापून टाकले असतील तर खालची कड बघायची, जिथे ती चपटी असते तो मायनस. सांध्यांवर स्लीव्ह चढवली. दोन वायरींना पीळ दिला आणि इनपुटच्या वायरींपासून लांबून नेल्या.

सोल्डर मी केलं. लहानपणी बाबांच्या शेजारी बसून कथलाची तार धरायचे, तो वास नाकात बसलाय अजून. बाबा स्टुलावर बसून 'गरम होऊ दे, आधी पाय गरम होऊ दे, घाई करू नकोस' असं एकसारखं सांगत होते. माझं उत्तर मात्र त्यांना प्रत्येक वेळी दुसऱ्यांदा ऐकावं लागत होतं. माझं तोंड डब्यात होतं ना. ओठ दिसत नव्हते.

डबा बंद केला. प्लग लावला. खटका वर.

लाल ठिपका लागला. काय सांगू, ११ दिवे असलेल्या घरात राहणारी मी, पण त्या बाराव्यासाठी टाळ्या वाजवल्या! खटका खाली केला, तर तो लगेच विझत नाही. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज संपेपर्यंत क्षणभर रेंगाळतो, लाल, मग मळकट लाल, मग नाही. तो पुरता विझला म्हणजे आत दोन व्होल्टच्या आसपासच उरलंय, हे आणखी एक फुकटचं ज्ञान. बाबांनी तीन-चारदा खटका वर-खाली केला. तो रेंगाळणारा दिवा बघायला त्यांना आवडत होतं, कबूल करणार नाहीत ही गोष्ट वेगळी.

मग टेस्टिंग. फोनमध्ये टोन काढणारं एक अ‍ॅप टाकलं होतं. बाबांनीच सांगितलं होतं, खालपासून वरपर्यंत सगळ्या फ्रिक्वेन्सी लावून बघ, ड्रिलच्या हादऱ्याने कुठे सांधा सुटला असेल तर कळेल. १०० हर्ट्झ, घूंऽऽ. छान. ५००. १०००. बाबा मान डोलावत होते. ३००० आला तेव्हा त्यांनी मान थोडी कलती केली. ४०००ला ते पुढे सरकले.

मी ६००० लावला. तीक्ष्ण शिट्टी. माझे दात शिवशिवले.

बाबा थांबून राहिले. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग अँपकडे. आधी, म्हणजे कालपर्यंत, ते म्हणाले असते, "बंद पडला वाटतं." पण समोर लाल दिवा लागलेला. दोन्ही फ्यूजच्या पुढे, प्लस-मायनसच्या मध्ये, त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेल्या १० किलो-ओहमवर.

"लावलास का?" त्यांनी विचारलं.

मला काय बोलावं सुचेना. मग बाबाच म्हणाले, "दिवा सप्लाय आहे एवढंच सांगतो. सिग्नल आहे असं कुठे सांगतो? तुझ्या फोनमधूनच येत नसेल." टेक्निकली शंभर टक्के बरोबर! माणूस हरायला तयार नव्हता आणि मलाही त्यांना हरवायचं नव्हतं. मी 'हो, तसंही असेल' म्हणायला तोंड उघडलं, एवढ्यात स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अरे ती शिट्टी बंद करा आधी! डोकं उठलं!"

हे मात्र बाबांना ऐकू आलं.

मी फोन बंद केला. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा राहिला. बाबा बराच वेळ त्या दिव्याकडे बघत होते. मग खटका खाली केला, तो विझेपर्यंत थांबले, आणि म्हणाले, "किती होता?"

"सहा हजार."

"आणि तुझ्या आईला आत ऐकू आला."

"हो."

"बरं," म्हणाले आणि क्रोशाचं झाकण उचलून घडी घालून कपाटात ठेवलं.

वय झालं की ऐकणं साधारणपणे वरच्या फ्रिक्वेन्सीपासून कमी होत जातं, हे आता मला माहीत झालंय. म्हणून खर्जातली गुणगुण ऐकू येत राहते आणि ट्वीटरचं 'स्स्स' आधी जातं. भाषेतही तसंच. अ, आ, ओ हे स्वर राहतात, स, श, फ, थ पुसट होतात. त्यामुळे समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. अशी माणसं 'ऐकू येत नाही' म्हणत नाहीत, कारण त्यांना येत असतं! ती मान डोलावतात. बाबांच्या 'हो, हो'ला आम्ही सगळे वर्षभर फसलो होतो. तो फ्यूजच्या आधीचा दिवा होता.

तपासणीला जायला त्यांनी आणखी तीन महिने लावले. आधी पाऊस, मग गणपती. पण गेले. रिपोर्टचा कागद मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, आणि त्याच्या खाली एक ओळ : "वरची बाजू गेली. ट्वीटर उडालाय." हा कागद म्हणजे ऑडिओग्राम. उजवा कान लाल गोलांनी, डावा निळ्या फुल्यांनी. डावीकडून उजवीकडे फ्रिक्वेन्सी वाढत जाते आणि रेघ उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली येते. स्पीकरच्या माहितीपत्रकात असे ग्राफ बाबांनी शेकड्याने वाचलेत. डॉक्टरांना समजावून सांगायला काही शिल्लकच राहिलं नाही.

कानाचं मशीन बसवायला मी बरोबर गेले होते. मला वाटलं होतं, चेहरा पाडून बसतील. छे! तिथल्या मुलीला त्यांनी प्रश्न विचारून विचारून हैराण केलं. गेन किती? सगळ्या फ्रिक्वेन्सीला सारखा की जिथे गेलंय तिथेच? (जिथे गेलंय तिथेच जास्त.) मोठा आवाज आला तर? (आपोआप दाबला जातो.) सप्लाय किती? झिंक-एअर सेल, १.४ व्होल्ट. वरचं स्टिकर काढलं की हवा आत जाते आणि सेल जागा होतो. "एक पॉइंट चार!" बाबा माझ्याकडे वळून म्हणाले. "आणि आपण बत्तीस घेऊन बसलोय."

मग त्यांनी ते बी एवढं यंत्र उलटंसुलटं करून बघितलं. "याला इंडिकेटर कुठाय?"

ती मुलगी म्हणाली, लहान मुलांच्या काही मशीनना असतो, आई-बाबांना बाहेरून कळावं म्हणून. या मोठ्यांच्या मॉडेलला नाही.

"मग चालू आहे हे कळायचं कसं?"

तिने मशीन बाबांच्या तळव्यावर ठेवलं आणि त्यांची मूठ अर्धवट मिटली. आतून बारीक शिट्टी यायला लागली. माइक आणि स्पीकर एकमेकांजवळ आले की होते तीच. सेल संपला की ती येत नाही. अडचण एवढीच की ही शिट्टी चांगलीच वरच्या पट्टीतली असते आणि मशीन कानातून काढल्यावर बाबांना ती ऐकू येत नाही.

आता रोज सकाळी चहाच्या आधी ते मूठ आईपुढे धरतात. पीठ मळता मळता आई कान पुढे करते आणि म्हणते, "वाजतंय. घाला."